खालच्या टाकीतली वेल

१

रविवारी सकाळचा चहा झाला की साकेन बाह्या कोपरापर्यंत सारायचा, जुना टॉवेल जमिनीवर अंथरायचा आणि टाकीखालच्या कपाटाची दारं उघडून तिथंच फतकल मारायचा. वर काचेच्या मोठ्या टाकीत समुद्र होता. पोवळी होती, नारिंगी-पांढरे मासे होते, निळा उजेड होता. खरा समुद्र अल्माटीपासून इतका लांब, की शेजारपाजारच्या बायका "यांना तुमचा समुद्र दाखवायला आणलंय" असं म्हणत आपले पाहुणे घेऊन यायच्या.

खाली कपाटात दुसरी, लहान टाकी होती. वरचं पाणी नळीतून तिथं उतरायचं, गाळलं जायचं आणि पंपानं परत वर चढायचं. त्या खालच्या टाकीत, एका छोट्या दिव्याखाली, वेल होती. हिरवीगार, पिसांसारख्या पानांची. साकेन कात्रीनं तिची वाढ कापायचा, बादलीत टाकायचा, आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा टाकीभर झालेली असायची.

वेल मारजाननं आणली होती. नवल इथंच होतं. मारजान त्याची बायको, पण लग्न झाल्यापासून तिनं टाकीकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. "तुझं डबकं" म्हणायची ती टाकीला. हिवाळा सरता सरता पोवळी आजारी पडली, दगडांवर तपकिरी साय धरली, पाण्यातली घाण काही केल्या कमी होईना. तेव्हा एके संध्याकाळी ती बाहेरून आली ती हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन. बूट दारातच काढले. बुटांना वाळू लागली होती.

"हे घे. तुझ्या पाण्यातली घाण खाईल."

"कुठून आणलंस?"

"ल्यूदानं दिलं. गेनाच्या ल्यूदानं."

साकेनला हसूच आलं. गेना किम हा त्याचा जुना दोस्त. बाजारात त्याचा कोरियन सॅलडचा गाळा होता आणि घरी साकेनसारखीच समुद्राची टाकी. दोघांचं सगळ्यात जुनं भांडण याच वेलीवरून होतं. भराभर वाढणारं शेवाळ टाकीत ठेवावं की ठेवू नये? साकेन म्हणायचा, ठेवून बघायला काय हरकत आहे, घाण शोषून घेतं. गेना कानावर हात ठेवायचा. "माझ्या आईला दे. लसूण-तिखट लावून विकेल. पण टाकीत? छट्!" आता गेना कामासाठी कोरियाला, इंचॉनच्या कारखान्यात गेला होता आणि त्याच्या मागं त्याच्याच घरात त्याची बायको ही वेल वाढवत होती म्हणे.

"गेनाला कळलं तर तिला घराबाहेर काढेल तो."

"तो बसलाय तिकडे. त्याला कोण सांगणार?"

"पण मारजान, हिचा भरवसा नसतो. ही सबंध वेल म्हणजे एकच पेशी. कुठंही तोड, तुकडा जगतो. पोवळ्यांपर्यंत पोचली तर त्यांचा गळा आवळते. आणि एक दिवस अचानक पांढरी पडते, अंगातलं असेल-नसेल ते सगळं पाण्यात ओकून मोकळी होते. दिवा विझला तर हमखास."

"मग दिवा विझवू नकोस," मारजान म्हणाली.

ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या आनंदात साकेननं पुढचं काही विचारलं नाही. तिनं पिशवी सोडली, वेल हातावर घेतली आणि हळूच पाण्यात ठेवली. हात मात्र बराच वेळ बाहेर काढला नाही.

"गार नाही का पाणी?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

२

साकेन शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होता. माणसं काय सांगतात यापेक्षा नळीतल्या पाण्याचा रंग काय सांगतो, यावर त्याचा विश्वास. वेल आली आणि महिन्याच्या आत पाण्यातली घाण शून्यावर आली. तपकिरी साय गेली. पोवळी अशी फुलली, की दुसऱ्या हौशी लोकांनी फोटो बघून ते खोटे आहेत म्हटलं आणि मग स्वतः येऊन बघून गेले. "काढू नकोस रे बाबा," सगळ्यांचं एकच. साकेनची मान ताठ झाली. मारजानही फुलल्यासारखी दिसत होती. भांडी घासताना गुणगुणायची. माशांना खायला तीच घालायची. "माझ्या बायकोचा हातगुण," साकेन पाहुण्यांना सांगायचा.

फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. पाण्यात खायला काही उरलं नाही, तर वेल उपासमारीनं थांबायला हवी. पोपटी पडायला हवी, विरळ व्हायला हवी. इथं दर रविवारी बादली आधीपेक्षा जड भरत होती. शून्य खाऊन कोणी वाढतं का?

मग मिठाचं लक्षात आलं. टाकीतलं पाणी हवेत उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून वरून तेवढं गोडं पाणी घालायचं असतं. वेल कापून काढली की तिच्याबरोबर थोडं मीठही जातं. म्हणजे खारटपणा हळूहळू घटायला हवा. तो वाढत होता. साकेननं खारटपणा मोजायचं भिंग बदललं. प्रयोगशाळेतल्या चांगल्या यंत्रावर पाणी तपासलं. मीठ वाढतच होतं, आणि घरात त्यानं मिठाचं नवं पोतं फोडलेलंही नव्हतं.

"मारजान, तू मीठ घालतेस का टाकीत?"

"मी कशाला घालू?" ती कणीक मळत होती, तिनं वर पाहिलंच नाही. "साकेन, एक बोलू का? रागावू नकोस. तू हल्ली फार घोरतोस. काही दिवस छोट्या खोलीत झोपशील?"

३

छोटी खोली टाकीच्या भिंतीपलीकडेच होती. मारजाननं तिथं स्वतः खाट लावली, चांगली रजई घातली, उशाशी खुर्ची ठेवून तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला. उशी भिंतीकडे केली. खाटेवर पडलं की भिंतीतून पंपाची घरघर ऐकू यायची आणि मधूनच पाणी खाली उतरतानाचा आवाज, कोणीतरी आवंढा गिळल्यासारखा. साकेनला तो आवाज आवडायचा. पहिले काही दिवस त्याला छान झोप लागली. नंतर झोप होऊनही सकाळी उठवेना.

असाच एका रविवारी तो कपाटासमोर बसला आणि कात्री हातातच राहिली. वेल दिव्याकडे पाठ करून वाढत होती. झाडं उजेडाकडे वळतात, शेवाळही वळतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. इथं एकूण एक पान मागच्या भिंतीकडे वाकलं होतं. नदीच्या पाण्यातलं गवत एका दिशेनं पडतं, तसं. त्याला आधी पंपाचा झोत आठवला. त्यानं पंप थोडा वेळ बंद केला. पाणी थांबलं, पानं भिंतीकडेच राहिली. त्यानं दिवा उचलून मागच्या बाजूला लावला, म्हणजे आता तरी उजेडामुळे वाकतील. पुढच्या रविवारी पानं दिव्याला वळसा घालून, दिव्याच्याही मागं, काचेला चिकटली होती.

कुठं चिकटली होती, ते त्यानं मनातल्या मनात भिंतीपलीकडे नेऊन बघितलं. तिथं त्याची उशी होती.

त्यानं स्वतःलाच वेड्यात काढलं. तरी त्या दिवशी खाट सरकवली, खिडकीखाली. पुढचा रविवार आला तोवर वेलीची पानं कोपऱ्याकडे वळली होती. खिडकीच्या बाजूला. आणि प्रयोगशाळेतून घरी आला तर खाट पुन्हा जुन्या जागी.

"झाडलोट केली," मारजान म्हणाली. "खिडकीखाली वारा लागेल तुला. किती वाळलायस बघ."

त्याच सुमारास त्याला आणखी एक गोष्ट जाणवली. शुक्रवारी घरात तेलाचा वास येत नव्हता. मारजान दर शुक्रवारी गेलेल्यांसाठी शेलपेक तळायची, पातळ, मोठ्या पुऱ्या. आईच्या नावानं, वडिलांच्या नावानं, आणि एक आइबारच्या नावानं. आइबार तिचा पहिला नवरा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत कापचगायच्या तलावावर बर्फात भोक पाडून मासे धरायला गेला आणि बर्फाखाली गेला. सापडलाच नाही. साकेनला ती हे एकदाच बोलली होती, मागणी घातली त्या दिवशी. त्यानंतर आइबारचं नाव घरात फक्त शुक्रवारी, कढईपुढं, ओठांतल्या ओठांत यायचं. साकेनला त्याचं कधी काही वाटलं नाही. मेलेल्या माणसाचा हेवा कोण करतो?

"शेलपेक नाही केलेस आज?"

"केले की. आईबाबांचे. सकाळीच वाटून आले."

"आणि..."

"त्याची आता गरज नाही," ती म्हणाली, आणि शेगडीवरची किटली उचलून त्याला चहा ओतला.

४

लिफ्ट बिघडली होती. साकेन जिने चढून वर आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता, ओठांवर घाम आला होता. त्यानं सहज ओठांवरून जीभ फिरवली आणि दाराशी थबकला.

चवच नव्हती. नळाचं पाणी लागावं तशी.

त्यानं मनगट चाटून बघितलं. काही नाही. कोणी बघत नाही ना, म्हणून जिन्यात खाली-वर बघितलं, मग कोपराच्या वळातला घाम चाटला. काही नाही.

उन्हाळा आहे, माणसाला घाम जास्त आला की पातळ होतो, असं त्यानं स्वतःला समजावलं. जिभेचाच काही दोष असेल. पण रात्रीच्या जेवणातलं सूप त्याला नीट खारट लागलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळे जेवायला गेल्यावर त्यानं गच्चीवर उन्हात येरझाऱ्या घातल्या, रुमालानं मान पुसली, रुमाल बाटलीत पिळला, आणि कुठल्याही विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासावा तसा तो तपासला. काटा जागचा हलला नाही. एवढं गोडं पाणी शहराच्या नळालाही येत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "रक्त ठीक आहे. थोडं कमी आहे सगळंच. मांस खात जा, घोडीच्या दुधाचा कुमिस प्या. वय झालं की होतं."

"सगळंच म्हणजे?"

"म्हणजे सगळंच," बाई म्हणाल्या. "थोडं थोडं."

घरी येऊन त्यानं कपाट उघडलं. ठेवायची की काढायची? वर पोवळी इतकी सुंदर दिसत होती, की हात वळेना. आणि कारण तरी काय सांगणार? माझा घाम या वेलीनं नेला? प्रयोगशाळेतला माणूस असं बोलतो? मारजान दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत भीती आहे असं त्याला वाटलं आणि उगाच बरं वाटलं. आपल्यासाठी कोणीतरी घाबरतंय.

"काढणार नाहीस ना?" तिनं विचारलं.

"नाही. तुला आवडते ना, राहू दे."

५

शरद ऋतूत, सफरचंदांच्या पेट्या रस्त्यारस्त्यावर लागल्या होत्या तेव्हा, गेना परत आला. दुपारी दार ठोठावलं आणि आत येताच साकेनला मिठीत घेऊन लांब धरलं.

"साके! काय रे हे? अर्धाच उरलायस. वहिनी जेवायला घालत नाहीत वाटतं?"

"ती बहिणीकडे गेलीये. बस, बिअर आणतो."

"आधी समुद्र दाखव. तिकडे आमच्या कारखान्यातल्या पोरांनी तुझ्या पोवळ्यांचे फोटो दाखवले मला. मला! म्हटलं, माझाच दोस्त आहे तो, लुच्चा, काय घालतो पाण्यात देव जाणे."

तो टाकीपुढं उभा राहिला, शीळ घातली, चेष्टा केली. मग खाली वाकून कपाट उघडलं आणि तिथंच उकिडवा बसला.

"ही कधीपासून आहे?"

"आता नाटक नको. तुझ्याच घरची आहे."

"माझ्या?"

"तू नसताना ल्यूदानं वाढवलेली. मारजानला तिनंच दिली. तिच्यावर चिडू नकोस हं, मी कबूल केलंय."

गेना उकिडवाच त्याच्याकडे बघत राहिला. "साके, ल्यूदा इथं नव्हतीच. मी गेलो आणि महिन्याभरात तिला बोलावून घेतलं. घराला कुलूप होतं. टाकी कोरडी पडलीये, मासे मी जाण्याआधीच देऊन टाकले होते. ल्यूदा अजून तिकडेच आहे, इंचॉनला."

पंपाची घरघर चालू होती. पाणी उतरलं, गिळल्यासारखा आवाज झाला.

"दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असेल. मी चुकीचं ऐकलं असेल."

"असेल," गेना म्हणाला. त्याचा आवाज विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा नव्हता. "ही दिव्याकडे पाठ करून का बसलीये रे?" थोड्या वेळानं तो उठला, बाह्या सारल्या. "चल. बादली आण. आत्ताच्या आत्ता काढू, मी धरतो."

साकेन हलला नाही. वेल नेमकी त्याच्या पायांच्या दिशेनं वाकलेली होती. तो मुद्दाम दोन पावलं बाजूला सरकला आणि बघत उभा राहिला. लगेच काही झालं नाही. व्हायला हवं होतं असंही नाही.

"मारजान येऊ दे," तो म्हणाला. "तिची आहे. तिला न विचारता नको."

"तिला विचारूनच तर एवढं झालंय, साके."

"माझी बायको आहे ती, गेना."

गेनानं बाह्या खाली केल्या. जाताना दारात त्यानं साकेनचा हात दोन्ही हातांत धरला, आणि मग नकळत स्वतःचे तळवे पँटला पुसले.

संध्याकाळी मारजान आली. साकेननं तिच्या हातातली पिशवी घेतली, कोट काढायला मदत केली आणि अगदी सहज विचारलं, "ल्यूदा कशी आहे गं? बऱ्याच दिवसांत नाव नाही."

"बरी आहे. कालच भेटली बाजारात," मारजान हसून म्हणाली. "तुझी चौकशी करत होती."

तिच्या चेहऱ्यावर कुठंही काही हललं नाही. हाच चेहरा आपल्याला वाचता येतो, असं तो आजवर धरून चालला होता.

६

दुसऱ्या दिवशी तो भर दुपारी घरी आला. किल्ली इतक्या हळू फिरवली की त्याचीच त्याला लाज वाटली. बूट हातात घेतले.

मारजान बोलत होती. आधी वाटलं, फोनवर आहे. पण फोन तिथंच, दाराजवळच्या फळीवर पडला होता.

"थोडं थांब, जानिम," ती म्हणत होती. "आता फार राहिलेलं नाही त्याच्यात."

जानिम. माझ्या जिवा. हा शब्द तिनं साकेनला कधी लावला नव्हता. त्याला वाटायचं, तिच्या स्वभावातच नाही.

पाणी उतरल्याचा आवाज झाला. ती हसली, कोणी काही बोलल्यावर हसतात तशी.

"नाही रे, त्याला कुठलं कळतंय? चांगला माणूस आहे तो. भोळा आहे. म्हटलं ना, थोडंच. हिवाळ्याआधी. तुला पुन्हा बर्फ बघायला लागणार नाही, आइबार."

पॅसेजमधल्या आरशात साकेनला तिची पाठ दिसत होती. ती कपाटापुढं बसली होती आणि तिचा हात कोपरापर्यंत खालच्या टाकीत होता, बाही न सारता, लोकरीच्या स्वेटरसकट. वेलीची सगळी पानं तिच्या हातावर आडवी पडली होती. हात मधूनच किंचित पुढं ओढला जाई आणि ती तो ओढू देई. बोटांत बोटं अडकवून बसलेली माणसं असं करतात.

तो मागं सरला. दार तसंच हळू लावून घेतलं. खाली अंगणात सफरचंदाच्या झाडाखालच्या बाकावर जाऊन बसला. तिथं बसून त्यानं स्वतःची समजूत घातली. मारजान आजारी आहे. जुनं दुःख असं कधीतरी उसळतं, माणसं भिंतींशी बोलतात, फोटोंशी बोलतात. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं. हे सगळं खरं असू शकत होतं. फक्त "त्याच्यात फार राहिलेलं नाही" हे वाक्य कुठंच बसत नव्हतं.

कामावरून सुटायची वेळ झाली तसा तो उठला, वर गेला आणि रोजच्यासारखी घंटी वाजवली.

७

जेवायला मांस आणि लाटलेल्या कणकेच्या पट्ट्या होत्या, वर कांदा. मारजाननं चांगले तुकडे निवडून त्याच्या ताटलीत वाढले.

"वेल कुठून आणलीस?" साकेननं विचारलं.

तिनं डाव खाली ठेवला. त्याच्याकडे नीट बघितलं. आता खोटं बोलावं लागणार नाही, याचं तिला हायसं वाटलं की काय, असं त्याला दिसलं.

"कापचगायहून. बर्फ फुटला त्या दिवशी गेले होते. दरवर्षी जाते. तुला सांगत नव्हते, उगाच कशाला दुखवायचं. काठाला लागली होती. मी ओळखलं."

"ते गोडं पाणी आहे, मारजान. ही समुद्राची वेल. तिथं ती एक तासही जगणार नाही."

"हो ना," ती म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं. "म्हणून तर तुझी टाकी लागली."

साकेनच्या हातातला काटा ताटलीवर वाजला.

"आणि मी?"

"तुझ्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. इतक्या वर्षांत तू मला काही कमी पडू दिलं नाहीस. हे मी त्यालाही सांगितलंय." तिनं ताटली त्याच्याकडे सरकवली. "जेव. निवतंय."

"मी विचारतोय, माझं काय? माझ्याशी बोल तू! माझ्यातलं काय काढून घातलंस त्याला?"

"ओरडू नकोस," मारजान म्हणाली. "तुझ्याकडे होतं, साकेन. तुला कधी लागलं नाही ते. तू कधी रडलायस का? कधी कोणासाठी जीव टाकलायस? तुझं सगळं जागच्या जागी पडून होतं."

तो उठला. खुर्ची पडली. समोरच्या खोलीत जाऊन त्यानं कपाटाची दारं फाडल्यासारखी उघडली, दिव्याची पिन ओढली आणि कात्रीनं वायर कापून टाकली. पंपाचीही कापली. अंधाऱ्या कपाटात पाणी एकदा डचमळलं आणि थांबलं. घरात इतकी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. आता मारजान किंचाळेल, धावून येईल, हात धरेल, याची तो वाट बघत राहिला. तिनं एकदा तरी त्याचा हात धरायला हवा होता.

ती दारात आली, हात पुसत.

"विझवलास?"

"विझवला."

"बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्यानं होत नव्हतं."

८

तो छोट्या खोलीत गेला नाही. स्वयंपाकघरातल्या बाकावर कोट पांघरून पडला. झोपायचं नाही असं ठरवून पडला होता, पण हल्ली अंगात जोरच उरला नव्हता. डोळे उघडले तेव्हा लख्ख उजाडलं होतं आणि खिडकीबाहेर वर्षातला पहिला बर्फ पडत होता.

घरात वास होता. खारट, थंड, जुना. साकेन समुद्रावर कधीच गेला नव्हता, तरी त्याला कळलं.

वरची टाकी दुधानं भरल्यासारखी झाली होती. पोवळी नाहीत, मासे नाहीत, नुसता पांढरा ठोकळा. खालच्या कपाटाची दारं सताड उघडी होती. लहान टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. वेल काठावरून बाहेर लोंबत होती, आतून रिकामी, प्लास्टिकच्या कागदासारखी पारदर्शक. अंगातलं असेल-नसेल ते ओकून मोकळी झालेली.

एवढीशी टाकी, साकेनच्या मनात आलं. बादलीही आडवी मावत नाही तीत. त्याचं डोकं अजून हिशेब मांडत होतं आणि डोळे जमिनीवरून निघाले होते. कपाटापासून न्हाणीघरापर्यंत लाकडी जमीन ओली होती. ओलीत मध्ये मध्ये आकार होते, आधी लांब, घसटल्यासारखे, आणि दाराजवळ गेल्यावर पायांचे.

न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. आत गरम पाणी वाहत होतं. दारापाशी स्टुलावर मारजान बसली होती. केस धुतलेले, डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर साकेनचा मोठा टॉवेल घडी करून. तिनं त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

आत एक पुरुष खोकला. खूप वेळ, पोटातून, पाणी बाहेर काढत असल्यासारखा.

पुढचं साकेनला सलग आठवत नाही. तो अंगणात उभा होता, पायात घरातल्या सपाता, खांद्यांवर बर्फ. थंडी वाजत नव्हती, तेच त्याला भयंकर वाटलं. तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मग दुसरं काही सुचेना म्हणून जिने चढून वर गेला आणि स्वतःच्या घराची घंटी वाजवली.

दार साखळीपुरतं उघडलं.

"जोरात बोलू नकोस," मारजान म्हणाली. "आत्ता कुठं त्याच्या अंगात ऊब यायला लागलीये."

"मारजान, दार उघड."

"थांब." ती आत गेली आणि आली. फटीतून तिनं त्याचा कोट बाहेर दिला. मग एक बूट. मग दुसरा. मग लोकरी टोपी. साखळी तिनं काढली नाही. त्यानं कोट चढवला तेव्हा फटीतून हात घालून तिनं त्याचं वरचं बटण लावलं, दररोज सकाळी लावायची तसं. तिची बोटं गरम होती.

"गेनाकडे जा," ती म्हणाली. "तो चांगला आहे."

तिच्या मागं, पॅसेजच्या टोकाला, दोन पाय उभे होते. दाराच्या फटीतून गुडघ्यांपर्यंतच दिसत होते. पुरुषाचे, उघडे, पाण्यात फार दिवस राहिल्यावर कातडी होते तशा कातडीचे. वर टॉवेलचं टोक लोंबत होतं. पायांखाली पाणी साचत होतं आणि त्यातलं एक पाऊल, चालायला शिकत असल्यासारखं, हळूच पुढं आलं.

आतून कोणीतरी काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत. आवाज मात्र साकेनला ओळखीचा वाटला, अगदी जवळचा, रोजचा. मारजाननं मान वळवून ऐकून घेतलं. मग पुन्हा फटीशी तोंड आणलं.

"साकेन, तुझं दाढीचं सामान कुठं असतं रे?"

"आरशामागं," साकेन म्हणाला. आपण उत्तर देतोय हे त्याला कळायच्या आत तोंडातून गेलं होतं. "वरच्या फळीवर. पातं नवीन आहे, सांभाळून म्हणावं."

"बरं," ती म्हणाली, आणि आवाज होऊ नये म्हणून दार अगदी हळू लावून घेतलं.